खमीर आणि माणसाचा शजरा

आपल्याकडे नवा माणूस भेटला की नावापाठोपाठ आडनाव विचारलं जातं आणि आडनावापाठोपाठ घराणं. मुस्लिमांच्या कित्येक घरांत ‘शजरा’ जपून ठेवलेला असतो. अरबीत शजर म्हणजे झाड. शजरा म्हणजे पूर्वजांच्या नावांचं झाड. कुणाचा शजरा मदिनेला जाऊन पोहोचतो, कुणाचा बगदादला, कुणाचा काबूलला. शेजारच्या हिंदू घरात हीच गोष्ट कुळ, गोत्र आणि वंशावळ या शब्दांत सांगितली जाते. सोयरीक ठरवायची वेळ आली की दोन्हीकडे ही झाडं बाहेर निघतात आणि कोण आपल्यातला, कोण खालचा, याचा हिशेब सुरू होतो.

१९८७ साली लंडनच्या एका प्रयोगशाळेत या झाडाची अशी एक फांदी हाती लागली, जिची नोंद कुठल्याही शजऱ्यात नव्हती. माणसाचं एक जनुक खमिराच्या, म्हणजे यीस्टच्या पेशीत घातलं गेलं आणि वाढ खुंटलेलं खमीर पुन्हा वाढू लागलं. त्या जनुकाचं आजचं नाव ‘सीडीके-१’. पेशीनं केव्हा दुभंगायचं, हे ठरवण्यात त्याचा मोठा वाटा असतो. त्याच्या शोधाची गोष्ट विज्ञानाची तर आहेच. पण वंश, धर्म, परीक्षेचे निकाल आणि जन्माचे दाखले यांच्यावरून माणसाची किंमत ठरवणाऱ्या समाजाचीही ती गोष्ट आहे.

पेशीतून पेशी

आपण सगळे एका पेशीपासून सुरू होतो. ती एक पेशी दुभंगून दोन होतात, दोनाच्या चार, चाराच्या आठ. मोठ्या माणसाच्या शरीरात अंदाजे ३० लाख कोटी पेशी असतात. वाढ संपली तरी विभाजन थांबत नाही. तांबड्या रक्तपेशीच दर सेकंदाला सुमारे २० लाख नव्या तयार कराव्या लागतात. हे काम कमी पडलं तर जखम भरत नाही, रक्त तयार होत नाही. लगाम सुटला तर कॅन्सर होतो. त्यामुळे ‘आता दुभंग’ असं पेशीला कोण सांगतं, हा प्रश्न जगण्या-मरण्याचा आहे.

पण हा प्रश्न विचारण्याआधी पेशी पेशीतूनच जन्मते, हे कळावं लागलं. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात श्लायडन आणि श्वान या जर्मन शास्त्रज्ञांनी सजीवांचं शरीर पेशींचं बनलेलं असतं, हे मांडलं. मात्र मिठाच्या पाण्यात स्फटिक धरावेत तशा नव्या पेशी आपोआप तयार होतात, अशी त्यांची समजूत होती. तिला पुराव्यानिशी धक्का दिला रॉबर्ट रेमाक यांनी. कोंबडीच्या अंड्यातल्या गर्भाच्या रक्तपेशी दुभंगताना त्यांनी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्या. वर्षानुवर्षं निरीक्षणं करून १८५२ साली त्यांनी ठामपणे लिहिलं की, नवी पेशी जुन्या पेशीच्या विभाजनातूनच येते.

रेमाक १८१५ साली पोझेन शहरात जन्मले. ते शहर तेव्हा प्रशियाच्या राज्यात होतं, आज ते पोलंडमध्ये आहे. रेमाक ज्यू होते आणि प्रशियाच्या विद्यापीठांत ज्यूंना शिकवण्याची मुभा नव्हती. बाप्तिस्मा घेतला असता तर वाट मोकळी झाली असती. अनेकांनी तसं केलंही. रेमाक यांनी नकार दिला. त्यांनी थेट राजाकडे अर्ज केले. अखेर १८४७ साली त्यांना बर्लिन विद्यापीठात व्याख्यानं देण्याची परवानगी मिळाली. अशी परवानगी मिळालेले ते तिथले पहिले ज्यू. पूर्ण प्राध्यापकपद मात्र १८६५ साली मरेपर्यंत मिळालं नाही.

‘प्रत्येक पेशी पेशीतूनच येते’ हे सूत्र जगभर गाजलं ते रुडॉल्फ फिर्खो यांच्या नावानं. त्यांनी ते १८५५ साली मांडलं, १८५८च्या पुस्तकातून सर्वदूर नेलं आणि रेमाक यांचं श्रेय बाजूला पडलं. फिर्खो ज्यूद्वेष्टे नव्हते, उलट उदारमतवादी होते. पुढे त्यांनी जर्मनीतल्या सुमारे ६७ लाख शाळकरी मुलांच्या केसांची, डोळ्यांची आणि त्वचेच्या रंगाची पाहणी करवून घेतली. शुद्ध जर्मन वंश नावाची गोष्ट तिच्यात सापडली नाही. सोनेरी केसांची आणि निळ्या डोळ्यांची मुलं ज्यूंमध्येही निघाली. १८८६ साली हे निष्कर्ष छापून आले.

छापून आलं म्हणजे लोकांनी मानलं, असं होत नाही. रेमाक यांचा नातू त्यांच्याच नावाचा होता आणि नामांकित गणिती होता. १९४२ साली नाझींनी त्याला ऑश्विट्झच्या छावणीत नेलं आणि तिथेच त्याचा अंत झाला. आजोबांनी जीवनाचा अखंड धागा दाखवून दिला होता, नातू शुद्ध रक्ताच्या कल्पनेपायी मारला गेला. रक्तपेशी कशा जन्मतात हे ज्या माणसानं जगाला दाखवलं, त्याच्याच रक्ताला अशुद्ध ठरवलं गेलं.

रोटीतला जीव

खमीर हा शब्द अरबीतला. फारसी आणि उर्दूच्या वाटेनं तो आपल्याकडे आला. खमिरी रोटी, नान, बेकरीतला पाव हे सगळं त्याच्याच जिवावर फुगतं. मद्याला अरबीत ‘खम्र’ म्हणतात, तोही याच धातूपासून बनलेला शब्द. भाषेनं जोडलेलं हे नातं विज्ञानालाही मान्य आहे, कारण पीठ फुगवणारं आणि मद्य आंबवणारं खमीर बहुतेकदा एकाच जातीचं असतं.

१९६०च्या दशकाच्या शेवटी अमेरिकेत सिएटल इथं लेलँड हार्टवेल यांनी हेच बेकरीचं खमीर हाताशी धरलं. त्यांना कॅन्सर समजून घ्यायचा होता. पण माणसाच्या पेशींवर जनुकांचे प्रयोग करणं तेव्हा जवळपास अशक्य होतं. खमिराचा एक जीव म्हणजे एकच पेशी. ती दोनेक तासांत दुभंगते, स्वस्तात वाढते. शिवाय तिला अंकुरासारखी कळी फुटते आणि कळीच्या आकारावरून विभाजन कुठल्या टप्प्यावर आलंय ते दिसतं.

हार्टवेल यांनी बिघाड शोधायचं ठरवलं. थंड तापमानात नीट वाढणाऱ्या, पण तापमान वाढवलं की विभाजनाच्या ठरावीक टप्प्यावर अडकून पडणाऱ्या पेशी त्यांनी वेगळ्या काढल्या. गाडी नेमकी कुठं बंद पडते हे पाहिलं की कुठला भाग नादुरुस्त आहे ते मेकॅनिकला कळतं, तसाच हा प्रकार. या वाटेनं विभाजनाशी संबंधित शंभराहून अधिक जनुकं उजेडात आली. त्यातलं ‘सीडीसी-२८’ अगदी सुरुवातीच्या टप्प्यावर होतं. ते बिघडलं की पुढचं काहीच सुरू होत नसे.

सहा वेळा नापास

आता दुसरं खमीर आणि दुसरा माणूस. पॉल नर्स १९४९ साली इंग्लंडमधल्या नॉरिच इथं जन्मले आणि लंडनच्या वेम्बली भागात वाढले. घर कामगाराचं होतं. वडील खाद्यपदार्थांच्या कारखान्यात मेकॅनिक, आई साफसफाईची कामं करायची. मुलगा हुशार, पण विद्यापीठाच्या प्रवेशासाठी एक परकीय भाषा उत्तीर्ण होणं सक्तीचं होतं. नर्स फ्रेंचच्या परीक्षेत सहा वेळा नापास झाले. मग बिअर बनवणाऱ्या एका कंपनीच्या प्रयोगशाळेत ते तंत्रज्ञ म्हणून लागले. पुढे बर्मिंगहॅम विद्यापीठातल्या एका प्राध्यापकानं त्यांची गुणवत्ता ओळखली, नियमाची अडचण दूर केली आणि त्यांना प्रवेश मिळाला. भाषेच्या एका पेपरावरून किती मुलांची वाट कायमची बंद होत असेल, याचा हिशेब कुणी ठेवत नाही.

पुढे ते एडिंबराला मर्डॉक मिचिसन यांच्या प्रयोगशाळेत आले. तिथं वापरात होतं ‘पॉम्बे’ नावाचं खमीर. पॉम्बे हा स्वाहिली शब्द आहे, अर्थ बिअर. पूर्व आफ्रिकेतल्या भरडधान्याच्या बिअरमधून हे खमीर वेगळं काढलं गेलं आणि १८९३ साली जर्मनीत त्याला हे नाव मिळालं. स्वाहिली हे नावही अरबी ‘साहिल’, म्हणजे किनारा, या शब्दावरून आलेलं. पॉम्बेची पेशी छोट्या दांडीसारखी असते. ती लांब होत जाते आणि ठरावीक लांबी झाली की बरोबर मध्ये दुभंगते.

नर्स यांना या खमिरात काही बुटक्या पेशी आढळल्या. त्या पुरेशा वाढण्याआधीच दुभंगत होत्या. एडिंबरा स्कॉटलंडमध्ये असल्यानं त्यांना ‘वी’ असं नाव मिळालं. स्कॉटिश बोलीत वी म्हणजे चिमुकलं. यातला मुद्दा बारकाईनं पाहावा लागतो. यंत्र बिघडलं की सहसा काम बंद पडतं किंवा मंदावतं. इथं बिघाडामुळे काम लवकर होत होतं. म्हणजे बिघडलेला भाग वेग ठरवणारा असला पाहिजे.

नर्स यांनी अशा सुमारे ५० बुटक्या जाती जमवल्या. जवळपास सगळ्यांमध्ये एकच जनुक बिघडलेलं निघालं. शेवटच्या एका बशीला बुरशी लागली होती. शुक्रवारची संध्याकाळ, बाहेर पाऊस. आधीच्या इतक्या जातींत तेच जनुक निघालंय, हीही तशीच असणार, असं म्हणून त्यांनी ती बशी कचऱ्यात टाकली. घरी गेल्यावर मात्र त्यांना राहवेना. ते परत आले, कचऱ्यातून बशी काढली आणि बुरशीतून त्या पेशी सोडवल्या. त्या जातीत बिघाड वेगळ्याच जनुकात निघाला. ते जनुक होतं ‘सीडीसी-२’.

या जनुकाची ओळख आधीपासून होती, पण उलट्या कारणासाठी. ते निकामी झालं की पॉम्बे दुभंगतच नसे, नुसती लांब वाढत जाई. आता त्याच जनुकातल्या दुसऱ्या प्रकारच्या बदलामुळे पेशी वेळेआधी दुभंगताना दिसली. एकाच जनुकामुळे काम थांबतं आणि घाईनंही होतं, याचा अर्थ विभाजनाची कळ तिथंच आहे.

माणसाचं जनुक, खमिराची पेशी

बेकरीचं खमीर आणि पॉम्बे यांच्या वाटा कोट्यवधी वर्षांपूर्वी वेगळ्या झाल्या आहेत. तरीही १९८२ साली डेव्हिड बीच, बार्बरा डुर्काझ आणि नर्स यांनी दाखवलं की बेकरीच्या खमिराचं सीडीसी-२८ हे जनुक पॉम्बेच्या निकामी सीडीसी-२ची जागा भरून काढतं. सिएटल आणि एडिंबरात वेगवेगळ्या नावांनी शोधलेली ही दोन जनुकं म्हणजे एकच गोष्ट होती.

मग पुढचा प्रश्न आला. माणसातही हेच असेल का? माणूस आणि खमीर यांचा सामाईक पूर्वज शंभर कोटी वर्षांहूनही जुना. मानवी जनुकांचा संपूर्ण नकाशा तेव्हा कुणाकडेच नव्हता. मेलनी ली आणि नर्स यांनी लंडनमध्ये एक साधी युक्ती केली. ज्यांचं सीडीसी-२ निकामी आहे अशा पॉम्बेच्या असंख्य पेशी घेतल्या आणि त्यांच्यात माणसाच्या हजारो जनुकांच्या प्रती मिसळल्या. कुठल्या पेशीत कुठलं जनुक शिरेल हे नशिबावर. बहुतेक पेशी दुभंगू शकणार नव्हत्या. पण माणसाचं तेच काम करणारं जनुक अस्तित्वात असेल आणि एखाद्या पेशीत शिरलं, तर ती पेशी दुभंगेल, तिची पिल्लावळ वाढेल आणि बशीवर ठिपका दिसेल.

ठिपका दिसला. त्या पेशींतून माणसाचं जनुक बाहेर काढून वाचलं गेलं. त्यावरून बनणारं प्रथिन २९७ अमिनो आम्लांच्या साखळीचं होतं. ही साखळी खमिराच्या प्रथिनाशी ताडून पाहिली, तर दर शंभर जागांपैकी ६३ जागी अक्षर न् अक्षर सारखं. शंभर कोटी वर्षांत डोंगर झिजले, समुद्र सरकले, डायनासोर आले नि गेले, पण पेशीला ‘दुभंग’ म्हणणारा हा हुकूम जवळपास तसाच राहिला. १९८७ साली ‘नेचर’ या नियतकालिकात हा शोध प्रसिद्ध झाला.

तोवर दुसऱ्या वाटांनी आणखी काही जण याच दारापाशी पोहोचले होते. योशिओ मासुई या जपानी शास्त्रज्ञानं १९७१ साली बेडकाच्या अंड्यात विभाजनाला चालना देणारा एक घटक दाखवला होता. १९८२ साली टिम हंट यांना समुद्री अर्चिनच्या अंड्यांत एक अजब प्रथिन सापडलं. ते हळूहळू साचायचं आणि प्रत्येक विभाजनाच्या वेळी नाहीसं व्हायचं. त्याला ‘सायक्लिन’ नाव मिळालं. १९८८च्या सुमारास सगळे धागे एकत्र आले. मासुईंचा घटक म्हणजे सीडीसी-२चं प्रथिन आणि सायक्लिन यांची जोडी होती. सायक्लिन पुरेसं साचलं की हे प्रथिन जागं होतं, इतर प्रथिनांना फॉस्फेट चिकटवून कामाला लावतं, गुणसूत्रं आवळून येतात आणि पेशी दुभंगते. सायक्लिन नष्ट झालं की ते पुन्हा शांत होतं. म्हणून या जनुकाचं नाव ‘सायक्लिनवर अवलंबून असणारं’ या अर्थानं सीडीके असं पडलं, आणि कुटुंबातलं पहिलं म्हणून सीडीके-१. उंदराच्या गर्भातून हे जनुक काढून टाकलं तर गर्भ सुरुवातीच्या काही विभाजनांपलीकडे जातच नाही.

हार्टवेल, हंट आणि नर्स यांना २००१ सालचं नोबेल मिळालं. मासुई त्यात नव्हते. १९९८चा लास्कर पुरस्कार मात्र त्यांना हार्टवेल आणि नर्स यांच्यासोबत मिळाला होता. आणि या सगळ्याचा उपयोग काय, असं विचारणाऱ्यांसाठी एवढंच. याच कुटुंबातल्या सीडीके-४ आणि सीडीके-६ या प्रथिनांना रोखणारं पहिलं औषध २०१५ साली अमेरिकेत स्तनाच्या कॅन्सरसाठी मंजूर झालं. आज त्या प्रकारच्या गोळ्या आपल्याकडच्या बायकाही घेत आहेत. खमिराच्या अभ्यासातून उभी राहिलेली समज अशी दवाखान्यापर्यंत आली.

दाखल्यावरची रेघ

नोबेल मिळालेले, ‘सर’ किताब असलेले नर्स २००३ साली न्यूयॉर्कमधल्या रॉकफेलर विद्यापीठाचे अध्यक्ष झाले. काही वर्षांनी त्यांनी अमेरिकेत कायम राहण्याच्या परवान्यासाठी अर्ज केला. अर्ज फेटाळला गेला. कारण काय, तर जोडलेला जन्मदाखला छोट्या नमुन्यातला होता आणि त्यावर आईवडिलांची नावं नव्हती. त्यांनी इंग्लंडहून पूर्ण दाखला मागवला.

दाखला आला तेव्हा आईच्या जागी त्यांच्या थोरल्या बहिणीचं नाव होतं. वडिलांच्या रकान्यात नुसती रेघ.

उलगडा झाला तो असा. बहीण म्हणून जिला ते ओळखत होते, ती लग्नाआधीच, अठराव्या वर्षी गरोदर राहिली. अब्रूच्या भीतीनं तिला नॉरिचला आत्याकडे पाठवण्यात आलं. मूल जन्मल्यावर तिच्या आईनं ते आपलंच म्हणून घरी आणलं. ज्यांना नर्स आई-वडील समजत होते, ते त्यांचे आजी-आजोबा होते. पुढे बहिणीचं लग्न झालं, तिला तीन मुलं झाली. पलंगाशेजारी ती चार बाळांचे फोटो ठेवायची. चौथं बाळ पॉल. तिनं हयातीत त्यांना कधीच सांगितलं नाही, आणि दाखला हाती आला तेव्हा ती नव्हती, आजी-आजोबाही नव्हते. अनुवंशशास्त्रात आयुष्य घालवलेल्या माणसाला स्वतःचाच वंश साठीजवळ येईपर्यंत ठाऊक नव्हता. नर्स यांनी हे स्वतः जाहीरपणे सांगितलं. आजी-आजोबांनी आपल्याला प्रेमानं वाढवलं, हेही ते सांगतात.

आपल्याकडच्या वाचकाला ही गोष्ट परकी वाटू नये. जन्मदाखल्यावरच्या एका नावासाठी, एका वेलांटीच्या फरकासाठी महापालिकेच्या खिडकीसमोर रांगेत उभं राहिलेले लोक आपण पाहिले आहेत. आजीनं नातवाला पोटचं पोर म्हणून वाढवल्याच्या कहाण्या आपल्याही मोहल्ल्यांत आणि वाड्यांत दबक्या आवाजात सांगितल्या जातात. त्या पोराला ‘कुणाचा रे तू?’ असं विचारणारे लोकही तिथेच असतात.

जनुक कुणाला समतेची शिकवण देत नाही, हे मान्य करायला हवं. खमिराशी नातं निघालं म्हणून माणूस माणसाशी बरा वागेलच, असं नाही. चांगलं वागायचं की नाही ते आपल्यालाच ठरवावं लागतं. पण शुद्ध रक्ताच्या आणि उच्च खानदानाच्या दाव्यांना निसर्गाचा आधार आहे, असं जे सांगितलं जातं, त्याच्या पायाखालची वाळू या इतिहासानं नक्कीच सरकते. सय्यद असो की पिंजारी, शहाण्णव कुळी असो की मांग, प्रत्येकाच्या दहाव्या गुणसूत्रावर हेच जनुक बसलेलं आहे आणि बेकरीच्या कणकेतल्या खमिरातही त्याचंच भावंड काम करतं.

घरातला शजरा जरूर जपावा. त्यात आपल्या माणसांची नावं असतात, कुणी कुठून आलं, कुणी काय सोसलं याची आठवण असते. फक्त तो काही पिढ्यांवर थांबतो, हे ध्यानात ठेवावं. त्याच्या बरंच वर गेलं की पानं सामाईक आहेत. सोयरिकीच्या बैठकीत पुढच्या वेळी कुणी खानदानाची चौकशी सुरू केली, तर दस्तरखानावरच्या खमिरी रोटीकडे बोट दाखवायला हरकत नाही. तीही नात्यातलीच आहे.